इंजिन तेवढं मोठं बसवायचंय

अंबड रस्त्यावर उसाची ट्रॉली ओलांडणं आमच्या घरात एकट्या ड्रायव्हरचं काम नाही. मी "आता काढतो" असं जाहीर केलं की बायको एसी बंद करते. मागच्या सीटवरून मुलगा उजव्या खिडकीबाहेर डोकं काढतो आणि "या, या, या" म्हणू लागतो. आई भीमरूपी सुरू करते. समर्थ रामदास आमच्याच जालना जिल्ह्यातले, जांबचे; त्यामुळे त्यांच्या स्तोत्रावर आमचा हक्क जरा जास्त, आणि मारुतीत बसून मारुतिस्तोत्र म्हणायला वेगळं निमित्त कशाला लागतं? मी तिसरा गिअर टाकतो, ॲक्सिलरेटर पत्र्याला टेकेपर्यंत दाबतो, आणि गाडी विचार करू लागते. तिचा विचार पूर्ण होऊन आम्ही पहिल्या ट्रॉलीच्या शेवटी आणि दुसरीच्या सुरुवातीला पोचतो (ट्रॅक्टरमागे ट्रॉल्या दोन असतात, हे आम्ही दर वेळी विसरतो), तोवर समोरून एसटी येते. "मागं घे, मागं घे!" आम्ही मागे येतो. एसी सुरू होतो. आई स्तोत्र अर्ध्यावर थांबवते, पुढच्या प्रयत्नाला उपयोगी पडेल म्हणून. ट्रॅक्टरवरचं गाणं संपून दुसरं लागतं. गळीत हंगामात घनसावंगी-अंबड पट्ट्यातल्या ट्रॅक्टरांच्या आवडीची गाणी आता आम्हाला पाठ आहेत.

एका दिवाळीला आम्ही असेच रस्त्याच्या मधोमध, ओलांडणं आणि न ओलांडणं यांच्या सीमेवर असताना आमचे साडू मागून आले. ते छत्रपती संभाजीनगरला असतात. त्यांची गाडी इतकी उंच आहे की तिच्यात बसायला पायरी आहे. ट्रॅक्टर मागे पडला, आम्ही मागे पडलो, एसटी अजून दिसत होती तेवढ्यात त्यांनी आम्हा सगळ्यांना पार केलं आणि हात हलवला. अंबडला सासुरवाडीत पोचलो तेव्हा त्यांचा दुसरा चहा चालू होता.

"रस्त्यात दिसला होतात," ते म्हणाले. "थांबला होतात का काही?"

आम्ही थांबलो नव्हतो. आम्ही निकराची झुंज देत होतो. पण हे कोणाला सांगणार? त्याच क्षणी मी ठरवलं, की गाडीचं इंजिन बदलायचं.

दोष गाडीचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मारुती ८०० या गाडीवर माझी श्रद्धा आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीच्या किल्ल्या दिल्या गेल्या तेव्हा तिची किंमत ४७,५०० रुपये होती. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन बंद होईपर्यंत अर्ध्या देशाने स्टिअरिंग धरायला तिच्यावर शिकून घेतलं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बारा इंची चाकं, ३७ हॉर्सपॉवर, आणि वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. हिशेब चोख आहे. फक्त तो मांडणाऱ्यांनी गाडीत चार माणसं धरली होती. त्यात आमची आत्या धरली नव्हती. आत्याबरोबर येणारा डबा, पिशवी आणि "हे एवढं असू दे पायाशी" असं म्हणून आत ढकललेलं बोचकंही धरलं नव्हतं.

मग नवी गाडीच का घेत नाही, असा प्रश्न बायकोने विचारलाच. तिला काय कळणार? नवी गाडी घेतली की पेढे वाटावे लागतात, हप्ते भरावे लागतात, आणि गल्लीत सगळ्यांना कळतं. बाहेरून तीच जुनी, कोपरा पोचलेली, पुढच्या काचेवर मुलाच्या शाळेचं फिकट स्टिकर असलेली गाडी. आणि आत दुप्पट ताकद! साडू आरशात बघतात, हसतात, आणि पुढच्या क्षणी आरसा रिकामा, कारण आम्ही पुढे! ही खरी मजा. शिवाय हे आमच्या गावच्या परंपरेला धरून आहे. जालन्याला उगाच 'सोने का पालना' म्हणत नाहीत. इथे मोंढ्यात बनियनवर बसून शेंगदाणे चघळणारा माणूस किती कोटींचा धनी आहे, याचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. पहिला मंठ्याकडच्या चुलतभावाचा.

"दादा, आपल्या हिरीवरचं डिझेल इंजिन रिकामंच पडलंय. मोटर बसवल्यापासून त्याला काहीच काम नाही. ने आन टाक गाडीत."

"अरे, ते पाच हॉर्सपॉवरचं. गाडीत आत्ताच सदतीस आहेत."

"असतील. पण ते आख्खी हिर उपसायचं. तुझी गाडी उपसती का?"

याला उत्तर नव्हतं. मी विषय बदलून पाऊसपाण्यावर नेला, आणि आमच्याकडे तो विषय निघाला की दुसरा कुठलाच उरत नाही.

दुसरा सल्लागार भाचा. तो इंजिनिअरिंगला आहे, आणि त्याने आजवर एकही बोल्ट स्वतःच्या हाताने सोडवलेला नसल्यामुळे त्याच्या ज्ञानाला कुठे अडथळा नाही. "मामा, एस्टीमचं इंजिन तर सगळेच टाकतात," तो म्हणाला. (सगळेच म्हणजे रॅलीवाले हौशी लोक. १२९८ सीसी, चार सिलिंडर. त्याच कुळातलं इंजिन जिप्सीतही होतं.) "आपण हायाबुसाचं टाकू. मोटरसायकलचं इंजिन. तेराशे चाळीस सीसी. गाडी उडेल!"

मीही क्षणभर उडालो. अंबड रस्ता, उसाच्या ट्रॉल्या, साडू, सगळं खाली लहान लहान होत गेलं. मग सहज विचारलं, "रिव्हर्सला जोर कसा असतो रे?"

"मोटरसायकलला रिव्हर्स नसतो, मामा. त्याची वेगळी सोय करावी लागते."

आमचं घर जुन्या जालन्यात आहे. आमच्या गल्लीत गाडी आत शिरते ती सरळ, आणि बाहेर पडते ती उलटी. गल्लीत मध्येच हातगाडी, मग नळाची मोटर, मग कोणाच्या तरी लग्नाचा मांडव. माझ्या गाडीचा सगळ्यात झिजलेला गिअर रिव्हर्सच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान मोटरसायकलींपैकी एकीचं इंजिन बसवायचं, आणि रोज सकाळी शाळेत जाताना शेजारच्या चौघांना "जरा धक्का मारता का मागं" म्हणायचं. चौघांपैकी एकाशी आमचं भिंतीवरून भांडण आहे.

भाच्याने इतिहासही काढला. इंग्लंडमध्ये मिनी नावाची इवलीशी गाडी होती, ८४८ सीसीची. जॉन कूपर यांच्या नावाने १९६१ मध्ये तिची ९९७ सीसीची बहीण आली, आणि १९६४ मध्ये मिनी कूपरने माँटे कार्लोच्या रॅलीत मोठमोठ्या गाड्यांना धूळ चारली. मला हे फार आवडलं. लहानाने मोठ्याला हरवलेली कोणतीही गोष्ट मला साडूंपर्यंत नेऊन पोचवते. फ्रान्सच्या रेनो कंपनीने तर १९८० मध्ये आपल्या छोट्या रेनो ५ मध्ये टर्बो इंजिन बसवलं; पुढे ठेवायचं नव्हतं, म्हणून मागची सीट काढली आणि इंजिन तिथे ठेवलं. मी हे जेवताना सांगितलं. आईने भाकरी तोडता तोडता विचारलं, "मग मी कुठं बसायचं?" फ्रेंचांनी याचा विचार केला नसावा. त्यांच्याकडे आत्याही नसाव्यात.

तिसरी युक्ती भाच्याचीच, आणि ती खरं तर सर्वांत व्यवहारी होती. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावी दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून एक चिमुकली जीप जुळवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत आनंद महिंद्रांनी पाहिली. त्यांनी कौतुक केलं आणि त्याच दमात सांगितलं, की गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवतील. ती मला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांना नवी बोलेरो मिळाली.

"म्हणजे मामा, आपण काहीतरी भयंकर करायचं, व्हिडिओ टाकायचा, आणि वाट बघायची."

मला पटलं होतं. पण लोहारांनी त्यासाठी आधी खरोखर जीप बनवली होती, आणि तीही मुलाचा हट्ट पुरवायला, बोलेरोसाठी नव्हे. भाचा फक्त व्हिडिओ बनवू शकत होता.

शेवटी मी उस्तादांकडे गेलो. त्यांचं गॅरेज म्हणजे एक लिंबाचं झाड, एक पत्र्याची शेड आणि जमिनीत मुरलेलं ऑइल. साठीचे आहेत, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्यांनी माझं सगळं ऐकलं, चहा मागवला, चहा प्यायला, आणि मग बोलले.

"सर, इंजन तो डाल देंगे. मुश्किल कायका?"

मला इतका आनंद झाला की पुढचं मी नीट ऐकलंच नाही. पुढचं असं होतं, की इंजिन एकटं येत नाही, वऱ्हाड घेऊन येतं. चार सिलिंडरचं इंजिन बसवायचं तर गिअरबॉक्स त्याचाच लागेल. गिअरबॉक्स आला की ड्राइव्ह शाफ्ट आले, त्यांची लांबी कापून जुळवायची. माउंटिंग नव्याने वेल्डिंग करायची. बॉनेटखाली जागा तेवढीच, त्यामुळे रेडिएटर सरकवायचा. आणि इंजिन जास्त तापणार म्हणून तोच मोठाही करायचा, म्हणजे सरकवून झालेल्या जागेत तो मावणार नाही. वायरिंग नवं. सायलेन्सर नवा. पुढचं वजन वाढलं की पुढच्या स्प्रिंगा बसणार, म्हणून त्या नव्या. यादी लिहायला त्यांनी सिगारेटचं पाकीट उलगडून घेतलं होतं. ते भरलं, तेव्हा माझ्या खिशातली शाळेची नोटीस घेतली.

"और सब में पहले ब्रेक," उस्ताद म्हणाले. "भागेगी तो रुकेगी भी ना?"

इथे मला गप्प बसावं लागलं, कारण मी नववीला विज्ञान शिकवतो. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, म्हणजे तेच ब्रेक लावले तर गाडी थांबायला अंतरही सुमारे चौपट लागतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे आणि न येणाऱ्यांना उभं करत आलो आहे. मिनी कूपरलाही मोठ्या इंजिनाबरोबर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले होते. हे भाच्याने सांगितलं नव्हतं. व्हिडिओत गाड्या पळतात, थांबताना कोणी दाखवत नाही.

मी यादी खिशात घालून घरी आलो आणि बेरीज केली. त्या पैशात बरी जुनी गाडी येत होती. बायको म्हणाली, "ती के टेन असते ना? तिच्यात कंपनीनंच मोठं इंजिन टाकलंय." खरंच होतं. २०१० मध्ये मारुतीने आपल्याच छोट्या अल्टोत ९९८ सीसीचं इंजिन घालून के टेन काढली होती. म्हणजे मी जे लिंबाखाली करायला निघालो होतो ते कारखान्यात, ब्रेक आणि स्प्रिंगांसकट, आधीच करून ठेवलेलं होतं. पण ती दिसते ना! तिच्या पाठीवर तसं लिहिलेलंच असतं. गुपित कुठे राहिलं?

गुपिताचा उरलासुरला जीव शेजारच्या वकिलांनी घेतला. संध्याकाळी ओट्यावर बसून मी अगदी तटस्थपणे, "एका मित्राला विचारायचंय" म्हणून विचारलं.

"मोटार वाहन कायदा, कलम ५२," वकील झोपाळ्यावरून म्हणाले. "कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आरसी बुकावर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय."

"पण लोक सीएनजी बसवतात की."

"इंधन बदलायला मुभा आहे. मान्यताप्राप्त किट, रीतसर नोंद."

"म्हणजे गाडीनं काय खायचं ते बदलता येतं, किती पळायचं ते नाही?"

"तुमच्या मित्राला सांगा," वकील म्हणाले, "की २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. आणि आरसीवर एक इंजिन नंबर, बॉनेटखाली दुसरा, म्हटल्यावर पोलीस आधी गाडी चोरीची धरणार. विमा कंपनी तर वाटच बघत असते. आणि सर, मित्राला म्हणावं, तुमच्या खिशातनं यादी बाहेर डोकावतेय."

प्रत्येक बदलामागे पाच हजार! मी घरात जाऊन यादीतल्या ओळी मोजल्या आणि दिवा मालवला.

पण हौस अशी दंडाने मरत नाही. रात्री मी समृद्धी महामार्गाचा विचार करत पडलो. जालन्याहून चढलं की इकडे मुंबई, तिकडे नागपूर, ७०१ किलोमीटर सलग काँक्रीट. तिथे तरी मोठं इंजिन कामाला येईल? कारला वेगमर्यादा १२० ची. माझी गाडी ऐंशीला थरथरते आणि शंभरला बोलायला लागते. पुढे नेलं तर बारा इंची चाकं, पत्र्याचं दार आणि मांडीवर डबा घेतलेली आत्या, अशा अवस्थेत एकशे वीसने जायला इंजिनापेक्षा छातीच मोठी बसवावी लागेल. आणि बाकीच्या रस्त्यांवर? जालन्यातून निघालो की पुढे रोलिंग मिलच्या सळईचा ट्रेलर. मागे लोंबणाऱ्या सळयांच्या टोकाला लाल फडकं. जास्तीच्या इंजिनाने तो ओलांडायचा आणि काय मिळवायचं? त्याच्या पुढचा ट्रेलर. त्याच्या पुढे मोसंबीची पिकअप, तिच्या पुढे ऊस. त्या दिवशी साडूही आमच्याआधी पोचले ते एका चहाने. मी दुसऱ्या चहाला त्यांच्या बरोबरीला आलोच होतो. एका चहासाठी गाडीचं पोट फाडायचं का, हा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर पहाटेपर्यंत माझं उत्तर "हो" हेच होतं.

सकाळी मी उस्तादांसमोर उभा राहिलो. "निदान थोडी तरी ताकद वाढवा. काहीही करा."

उस्ताद गाडीभोवती एक चक्कर मारून आले. मागच्या बाजूला वाकून बघितलं. बंपर जमिनीशी बोलत होता.

"सर, डिक्की खोलो."

डिक्की उघडायला लाजच वाटली, कारण ती माझीच मला नवीन होती. गिरणीत न्यायचं म्हणून ठेवलेलं गव्हाचं पोतं. घराला पायरी करताना उरलेलं अर्धं पोतं सिमेंट, जे पावसाळ्यात गाडीतच मुरून पायरीच झालं होतं. सळईचे तुकडे, जालन्यात राहून कोणी सळईचा तुकडा टाकून देत नाही. सहामाहीच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, तपासलेल्या आणि न तपासलेल्या. आणि सगळ्याच्या तळाशी, गोणपाटात गुंडाळलेला, जात्याचा वरचा दगड. मेव्हणीच्या मुलीच्या हळदीला दळायला म्हणून सासूबाईंचं जातं अंबडहून निघालं होतं. कार्य झालं, पाहुणे पांगले, आणि तेव्हापासून जातं सापडत नव्हतं. सासूबाईंचा मांडववाल्यावर संशय होता. त्याची उरलेली रक्कम अजून दिलेली नाही.

सगळं उतरवल्यावर गाडी मागून चार बोटं वर आली. उस्तादांनी एअर फिल्टर काढून झटकला, त्यातून निम्मा मोंढा बाहेर पडला. मागचे ब्रेक शू चिकटून बसले होते. म्हणजे मी इतकी वर्षं ब्रेक लावून ट्रॅक्टर ओलांडत होतो. प्लग साफ केले, टायरात हवा भरली. बिलाचा आकडा ऐकून मी दुखावलो. एवढ्या मोठ्या स्वप्नाची एवढीशी किंमत! मी आणखी काहीतरी करायचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी वायपर बदलून दिले.

नंतर अंबडला जाताना एसी चालू असतानाच ट्रॅक्टर मागे पडला. एसटी यायच्या आत. बायकोने सवयीने बटणावर बोट ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. आईला मात्र हे पसंत पडलेलं नाही. तिचं म्हणणं, आता स्तोत्र पूर्ण होत नाही, आणि अर्धवट स्तोत्र चांगलं नसतं.

परवा साडू आले. पायरीवरून उतरले तेव्हाच चेहरा पडलेला दिसला. समृद्धीवर त्यांना त्यांच्या व्याह्यांनी ओलांडलं होतं. हात हलवून. शिर्डीच्या अलीकडे भेटल्यावर व्याह्यांनी विचारलं होतं, "काय, गाडीत काही बिघाड वगैरे?"

"सर," साडूंनी आवाज खाली आणला, "आमच्या गाडीचा कॉम्प्युटर असतो, त्यातच पॉवर वाढवून मिळते म्हणे. बाहेरून काही दिसत नाही. तुमच्या ओळखीचा कोणी आहे का?"

मी त्यांना उस्तादांकडे नेलं. लिंबाखाली ती गाडी मावली नाही, निम्मी रस्त्यावर उभी राहिली. उस्तादांनी सगळं ऐकलं, चहा मागवला, चहा प्यायला, आणि मागच्या बाजूला गेले.

"पहले डिक्की खोलो, भाऊ."

साडूंनी किल्लीवरचं बटण दाबलं. डिक्की आपोआप, सावकाश, कुठेही न करकरता उघडली. आत गोल्फची टोपी होती, पाण्याच्या बाटल्यांचा खोका होता, आणि कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेला जात्याचा खालचा दगड होता.